पाटीवरचें नांव आणि तोंडचें नांव

दादरच्या एका वाचक भगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र लिहून आपल्या घरांतील एक गोड तंटा आमच्यापुढें मांडला आहे. त्यांचे वृद्ध सासरे फोर्टमधील एका रस्त्यास अद्यापि ‘हॉर्नबी रोड’ म्हणतात. यजमान त्यासच ‘डी. एन. रोड’ म्हणतात, आणि सहावींत शिकणारा चिरंजीव शाळेच्या निबंधांत ‘दादाभाई नौरोजी मार्ग’ असें लिहितो. एका पंगतीस बसणाऱ्या तीन पिढ्या आणि एका रस्त्याचीं तीन नांवें! मुलास ह्यांपैकीं खरें कोणतें म्हणून सांगावें, असा त्या बाईंचा प्रश्न आहे.

प्रथम मधल्या पिढीचा निकाल लावूं. १९०६ सालीं कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून ज्यांनीं स्वराज्य हा शब्द उच्चारला, त्या दादाभाईंस दोन इंग्रजी अक्षरांत कोंबून टाकणें हें हॉर्नबीसाहेबांस रस्त्यावरून हांकलण्याहून वाईट, असें आमचें मत आहे. सासरे आणि नातू ह्यांच्या वादाचा निकाल मात्र घरीं बसून लागण्यासारखा नाहीं. त्यासाठीं थोडें पायीं हिंडावें लागेल.

आरंभ हॉर्निमन सर्कलपासून करावा. १८३३ सालीं पुऱ्या झालेल्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर उभें राहिलें म्हणजे समोर बाग आणि बागेभोंवतीं कमानींवर कमानी चढविलेल्या दगडी इमारतींचें कडें दिसतें. ह्या इमारती उठण्यापूर्वीं येथें मोकळें मैदान होतें व त्यावर कापसाचे गठ्ठे पडत. म्हणून त्या मैदानास ‘कॉटन ग्रीन’ म्हणत. पुढें कापसाचा बाजार कुलाब्यास गेला, तेव्हां नांवहि त्याच्यामागोमाग कुलाब्यास गेलें. आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत बाजार शिवडीकडे हलला, तेव्हां तें तेथें जाऊन रेल्वेच्या स्टेशनावर बसलें. धन्याबरोबर बिऱ्हाड हलविणारें असें इमानी नांव आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. इकडे मैदानाभोंवतीं १८६० नंतरच्या दशकांत ह्या इमारती बांधल्या गेल्या व त्या वर्तुळास एल्फिन्स्टन गव्हर्नरांचें नांव मिळालें. स्वराज्य आल्यावर तें काढून बेंजामिन हॉर्निमन ह्यांचें नांव दिलें गेलें. हॉर्निमन हे ‘बाँबे क्रॉनिकल’चे संपादक. हिंदी लोकांची बाजू निर्भयपणें मांडल्याबद्दल १९१९ सालीं सरकारनें त्यांस हद्दपार केलें होतें. एका इंग्रजाचें नांव उतरवून दुसऱ्या इंग्रजाचें चढवितांना मुंबईकरांनीं जात पाहिली नाहीं, करणी पाहिली, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

ह्याच परिसरांत मुंबईच्या पेढ्यांचा आणि बँकांचा सारा इतिहास उभा आहे. बँक ऑफ बाँबे ही सरकारी भाग असलेली बँक १८४० सालीं निघाली. तिचा व्यवहार बरीं वर्षें जपून चालला होता. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आपल्या वऱ्हाड-गुजराथच्या कापसास सोन्याचें मोल आलें. शहरांत पैशाचा असा लोंढा आला कीं, त्याचें काय करावें हें लोकांस कळेना. रोज नवी कंपनी, नवी बँक. समुद्र भरून काढून जमीन करावयाची म्हणून निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किंमतीच्या कितीतरी पट भावानें विकले जाऊं लागले. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या दारीं लोकांची रीघ लागे. टाऊन हॉलसमोरील वडाखालीं दलालांचा मेळा जमे. १८६३ च्या कायद्यानें बँक ऑफ बाँबेवरील पूर्वीचे निर्बंध सैल झाले होते. त्याचा फायदा घेऊन बँकेनें तारणाऐवजीं नुसत्या नांवावर कर्जें देण्याचा सपाटा लाविला. १८६५ सालीं अमेरिकेंतील लढाई संपली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हां कोट्यधीशांचे दिवाळखोर झाले. बँक कशीबशी तीन वर्षें तग धरून १८६८ सालीं गुंडाळली गेली.

आतां गंमत पाहा. त्याच वर्षीं त्याच नांवाची नवी बँक निघाली. ती १९२१ सालीं बंगाल व मद्रास येथील बँकांशीं एक होऊन इंपीरियल बँक झाली. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ सालीं, आणि तारीख तीच : १ जुलै. बरोबर नव्वद वर्षांनीं! आमचे वडील स्टेट बँकेंत जातांना ‘इंपीरियलमध्यें जाऊन येतों’ असें अखेरपर्यंत म्हणत. त्यांचें पासबुक नवें होतें, पण विश्वास जुन्या नांवावर होता.

ह्या इमारतींचे जाड खांब, उंच जोतीं, लोखंडी दारें हीं उगीच नाहींत. ज्या काळीं ठेवीदारास कायद्याचें पाठबळ नव्हतें, त्या काळीं भिंत हीच बँकेची जाहिरात होती. एवढा दगड ज्यानें रचला तो रातोरात पळून जाणार नाहीं, असें ठेवीदारास वाटावें हा त्यांतील हेतु. पण भिंत म्हणजे पत नव्हे, हें १८६५ सालीं कळलें आणि १९१३ सालीं पुन्हां कळलें. त्या वर्षीं इंडियन स्पेसी बँक बुडाली व अनेक मध्यम घरांतील पुंजी तिच्याबरोबर गेली. आमच्या लहानपणीं घरोघरच्या आजीबाई बँकेपेक्षां पाटल्यांवर अधिक भरंवसा ठेवीत. त्यांस हंसणाऱ्या शहाण्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ठेवींचा विमा आपल्या देशांत १९६२ सालीं आला, आणि त्याची मर्यादा पांच लाखांवर गेली ती २०२० सालीं. आजींच्या काळीं बुडालेली ठेव परत मिळवून देणारें कोणीहि नव्हतें.

तेथून महात्मा गांधी मार्गाकडे वळावें. १८५३ सालीं लंडनमध्यें सनद मिळालेल्या चार्टर्ड बँकेची इमारत येथें आहे. त्या बँकेच्या पूर्ण नांवांत हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया आणि चीन असे तीन देश एका दमांत येत. आज स्टँडर्ड चार्टर्ड हें आटोपशीर नांव उरलें आहे. ह्याच मार्गावर सेंट्रल बँकेची वास्तु आहे. सोराबजी पोचखानवाला ह्यांनीं १९११ सालीं ही बँक पूर्णपणें हिंदी भांडवलावर व हिंदी व्यवस्थेखालीं काढली आणि फिरोजशहा मेहता तिचे पहिले अध्यक्ष झाले. गोऱ्या बँकांच्या शेजारीं आपलीहि दगडी इमारत असावी, ह्या इच्छेंत निव्वळ व्यापार नव्हता. रिझर्व्ह बँकेचें मुख्य ठाणें १९३७ सालीं कलकत्त्याहून मुंबईस आलें. तिचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं त्या पदावर बसले. संस्कृतांत काव्य करणारा मनुष्य देशाच्या नोटांवर सही करीत होता, हा आम्हां संस्कृताच्या मास्तरांचा एक भाबडा अभिमान आहे. वाचकांनीं तो चालवून घ्यावा.

इमारतींकडून नांवांकडे येऊं. पाटी आणि तोंड ह्यांचें नातें किती विलक्षण आहे, तें ह्याच अर्ध्या मैलांत दिसतें. चर्चगेट हा किल्ल्याचा दरवाजा १८६० नंतरच्या दशकांत तटाबरोबर पाडला गेला. रस्त्याचें चर्चगेट स्ट्रीट हें नांव जाऊन तो वीर नरिमन रोड झाला. दार नाहीं, रस्त्यावर नांव नाहीं. तरी लाखों लोक रोज त्या नसलेल्या दाराचें तिकीट काढतात, कारण स्टेशनानें नांव धरून ठेविलें. काळ्या घोड्याची कथा तर ह्याहून नामी. पुढें सातवे एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा १८७९ सालीं तेथें बसविण्यांत आला. १९६५ सालीं तो हलवून राणीच्या बागेंत नेला. लोकांनीं स्वाराचें नांव कधींच घेतलें नव्हतें, घोड्याचें घेतलें होतें. घोडाहि गेल्यावर पन्नास वर्षें मोकळ्या जागेस लोक ‘काळा घोडा’ म्हणत राहिले, आणि शेवटीं २०१७ सालीं नांवाची लाज राखण्यासाठीं तेथें स्वार नसलेला नवा घोडा बसवावा लागला!

आणखी एक उदाहरण आमच्या विशेष आवडीचें आहे. फोर्टमधील एका रस्त्यास ‘गनबो स्ट्रीट’ म्हणत. हल्लीं त्यास रुस्तम सिधवा मार्ग हें नांव आहे. जुनें नांव इंग्रजींत वाचलें म्हणजे बंदूक आणि धनुष्य हे दोन शब्द डोळ्यांपुढें येतात, व कोणी लष्करी साहेब त्यामागें असावा असें वाटतें. वास्तविक हें नांव गनबा शेट ह्यांचें. नाना शंकरशेटांच्या घराण्याचे हे मूळ पुरुष अठराव्या शतकांतील मुंबईचे जुने व्यापारी होत. सॅम्युएल शेपर्ड ह्यांनीं मुंबईच्या स्थलनामांवर १९१७ सालीं ग्रंथ लिहिला, त्यांतहि हीच उपपत्ति आहे. म्हणजे इंग्रजी टोपी घातलेला हा आपलाच मराठी माणूस होता. ‘परकें नांव’ म्हणून पाटी उतरविण्यापूर्वीं टोपीखालचें तोंड एकदां पाहावें, असें आम्ही म्हणतों तें ह्याचसाठीं.

नांवें बदलूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. फ्लोरा फाउंटनच्या चौकास हुतात्मा चौक हें नांव संयुक्त महाराष्ट्रासाठीं तेथें सांडलेल्या रक्तानें मिळालें आहे. त्यापुढें कारंज्यावरील रोमन देवतेनें मान लववावी हेंच योग्य. आमची तक्रार नांव पुसण्याच्या रीतीविषयीं आहे. नवी पाटी लावणारा जुनें नांव असें खरवडून काढतो, जणूं कालपर्यंत त्या रस्त्यास नांवच नव्हतें. पणजींत पाहा. फोन्तैन्यश भागांत चकचकीत फरशीवर रंगविलेल्या पोर्तुगीज नांवांच्या पाट्या अजून भिंतींत आहेत, आणि त्याच शहरांत अठरा जून मार्गहि आहे. १९४६ सालीं त्या तारखेस लोहियांनीं गोव्यांत स्वातंत्र्याची हांक दिली. एका शहरांत दोन्ही नांदतात, आणि त्यामुळें गोव्याची मुक्ति उणी झालेली नाहीं. नव्या नांवाखालीं बारीक अक्षरांत जुनें नांव आणि बदलाचें साल एवढें कोरलें, तर किती खर्च येणार आहे? २०२४ सालीं राज्य सरकारनें मुंबईंतील कांहीं स्टेशनांचीं इंग्रजी नांवें बदलण्याचा ठराव केला. करी रोडचें लालबाग, चर्नी रोडचें गिरगांव, वर सांगितलेल्या इमानी कॉटन ग्रीनचें काळाचौकी अशीं तीं नांवें आहेत. लालबाग आणि गिरगांव हीं नांवें गोडच आहेत. पण फलाटाच्या एका खांबावर जुन्यासहि जागा द्यावी, एवढी आमची विनंति आहे.

तेव्हां दादरच्या भगिनींनीं मुलास असें सांगावें : मार्गाचें नांव दादाभाई नौरोजी, आजोबांचें नांव हॉर्नबी रोड, आणि आजोबा चुकत नाहींत, ते आधींचें सांगतात. हॉर्नबी हे १७७१ ते १७८४ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते, हेंहि सांगावें, कारण त्यांच्याशीं आम्हांस पुढें पुन्हां गांठ घालावयाची आहे.

मुलें बरोबर असतील तर मैलाचे दगडहि दाखवावे. सेंट थॉमस कॅथेड्रल हें आरंभस्थान धरून इंग्रजांनीं शहरांतून उत्तरेकडे काळ्या दगडाचे मैल रोंविले व त्यांवर रोमन आंकडे कोरले. रस्त्यावर थरावर थर चढत गेले, तसे हे दगड गळ्यापर्यंत पुरले गेले. कित्येकांवर फेरीवाल्यांनीं सामान ठेविलें, कित्येकांस लोकांनीं शेंदूरहि फांसला. अलीकडे महापालिकेनें कांहीं दगड खणून, स्वच्छ करून उभे केले आहेत. काळबादेवीस एक आहे, आंबेडकर मार्गानें परळ-दादरकडे जातांना आणखी आहेत. रोमन आंकडे शिकविण्यास ह्याहून उत्तम फळा नाहीं.

वरळीकडे जाणारी वाट मात्र निराळी. महालक्ष्मी आणि वरळी ह्यांमधील खिंडारांतून पूर्वीं भरतीचें पाणी आंत शिरे व मधला सारा सखल भाग बुडवी. तें खिंडार हॉर्नबीसाहेबांनीं बांध घालून बुजविलें. काम पुनःपुन्हां ढांसळत असतां रामजी शिवजी प्रभु ह्यांस स्वप्नांत देवीनें दृष्टांत दिला, समुद्रांतून मूर्ति निघाल्या आणि मग बांध टिकला, ही महालक्ष्मीची आख्यायिका आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. त्या बांधास ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणत. वेलार्ड हा पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश असून त्याचा अर्थ कुंपण किंवा बांध. आज तो लाला लजपतराय मार्ग आहे. साहेबाचें नांव ह्याहि रस्त्यावरून गेलें. पण बांध आहे म्हणून वरळीस कोरड्या पायांनीं जातां येतें.

वरळीच्या उत्तर टोंकास कोळीवाडा आहे. माहीमच्या खाडीवर नजर ठेवणारा लहानसा किल्ला, गोल्फादेवीचें देऊळ, ओढून ठेविलेल्या होड्या, वाळत घातलेली मासळी. आणि पाठीमागें २००९ सालीं खुला झालेला सागरी सेतु. सेतूस राजीव गांधींचें नांव आहे, लोक त्यास ‘सी लिंक’ म्हणतात. म्हणजे येथेंहि पाटी निराळी आणि तोंड निराळें. आम्ही ज्या शाळेंत शिकविलें तेथें ह्या वाड्यांतील मुलें येत. त्यांपैकीं एक, आतां स्वतःची होडी असलेला नाखवा, मागें आम्हांस वाटेंत भेटला. आम्ही फोर्टच्या पाट्यांविषयीं लिहीत आहों असें सांगतांच तो म्हणाला, “मास्तर, तुमच्या रस्त्यांना दोन-दोन नांवं, आणि आमच्या वाटांना पाटीवर एकही नाही. नांवं आहेत, पण ती आईला ठाऊक.”

“मग लिहून कां घेत नाहींस?” आम्ही विचारलें.

“शाळेत तुम्ही रामाचीं रूपं लिहून घेतलींत, मास्तर. हें कोणी सांगितलंच नाही.”

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही त्यास एक जाड वही घेऊन दिली. सहा महिन्यांत तो व त्याची म्हातारी आई ह्यांनीं मिळून तिचीं चाळीसांवर पानें भरलीं आहेत. गल्ल्या, विहिरी, होड्या लावण्याच्या जागा तींत आहेतच. पण आम्ही थक्क झालों तें समुद्राच्या पानांनीं. भरतींत बुडणारे खडप, ओहोटींत उघडी पडणारी वाट, अमुक वाऱ्यास जाळें टाकण्याची जागा, ह्या प्रत्येकास नांव आहे. जेथें आम्हांस नुसतें पाणी दिसतें, तेथें त्या मातोश्री गिरगांवांतील वाड्या मोजाव्या तशा जागा मोजतात.

हा केवळ हौसेचा विषय नाहीं. सागरी किनारा मार्गाचें काम चाललें असतां, खांब इतके जवळ घातले तर क्लीव्हलंड बंदरांतून आमच्या होड्या बाहेर कशा पडतील, म्हणून वरळीच्या कोळ्यांनीं मोठा झगडा केला. दोन खांबांमधील अंतर साठ मीटर ठरलें होतें. अखेर एकशें वीस मीटर करण्याचें सरकारनें कबूल केलें. नकाशा काढणाऱ्याच्या कागदावर तेथें नुसता निळा रंग होता. कोळ्यांच्या डोक्यांत तेथें वाट होती, तिला वळणें होतीं, खडक होते. नांवें आधींच कागदावर असतीं, तर इतका झगडा करावा लागता ना. कोळीवाड्यांच्या सीमा आंखून देण्याचें कामहि सरकारदरबारीं बरींच वर्षें रेंगाळत चाललें आहे. वाड्याचा अमुक भाग जुनें गांव म्हणून गणावा कीं झोपडपट्टी म्हणून, ह्यावर वरळींत वाद माजले, आणि त्या एका शब्दावर घरांचें भवितव्य अवलंबून आहे. अशा वेळीं येथील गल्लीस दोनशें वर्षें नांव होतें कीं नव्हतें, ह्या प्रश्नाचें मोल बँकेंतील कागदाइतकेंच ठरतें.

त्या वहीच्या दोन नकला करून एक ग्रंथसंग्रहालयांत ठेवावी, असें आम्ही नाखव्यास सुचविलें आहे. त्याच्या आईची अट अशी आहे कीं, आधीं सारें तिला मोठ्यानें वाचून दाखवावें. एका खडपाचें नांव नातवानें चुकीचें लिहिलें असल्याचा तिला संशय आहे.

आमच्या वाचकांकडेहि एक मागणें आहे. आपल्या घरांतील माळ्यावर जुनीं पोस्टकार्डें, लग्नपत्रिका, बँकांचीं पासबुकें, भाडेपावत्या असतील. दिवाळीच्या साफसफाईंत त्या रद्दींत घालण्यापूर्वीं प्रत्येकीवरील पत्त्याची ओळ आणि तारीख तेवढी उतरून ठेवावी. घरांत ऐंशीच्या पुढील कोणी असल्यास त्यांच्या लहानपणीं त्या गल्लीस काय म्हणत, तें शेजारीं लिहावें. गिरगांव, परळ, लालबाग आणि दादर येथील अशा ओळी आमच्याकडे आल्यास पुढील अंकांत त्या आम्ही नांवनिशीवार छापूं. पत्रें शक्यतों शाईनें लिहावीं. आमचा चष्मा बदलावयास झाला आहे.